निवृत्तीनंतर ठाण्यात घरबसल्या जुन्या नोंदींच्या इंडेक्सिंगचं स्वयंसेवी काम करता येईल का? मोडी येत नाही.

येईल, आणि मोडीवाचून अडत नाही. मी ऐरोलीला राहतो, माझ्या दुपारी याच कामात जातात.

सुरुवात फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर करा. खातं फुकट उघडता येतं. मग भाषा निवडून सोपा प्रकल्प घ्यायचा. पडद्यावर रजिस्टरच्या पानाचा फोटो आणि सोबत रकाने: नाव, वय, तारीख, आईवडिलांची नावं. पाहून भरायचं. अक्षर लागलंच नाही तर तशी खूण करून पुढे सरकायचं, अंदाजपंचे काही ठोकून द्यायचं नाही. मात्र ही संस्था अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चची आहे. मृत पूर्वजांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची त्यांच्यात पद्धत आहे, वंशावळींचा सोस त्यातूनच आलेला. मला त्याचं काही वाटत नाही. तुम्हाला खटकलं, तर 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी' पाहा. ब्रिटिश काळातल्या हिंदुस्थानातल्या नोंदी तिथे स्वयंसेवक उतरवून घेतात, मुंबई इलाख्याच्याही.

टायपिंग कुणालाही येतं, कस लागतो तो वाचण्यात. ठाण्याचं नाव जुन्या इंग्रजी कागदांत 'टी-ए-एन-एन-ए-एच' असं सापडतं. हात शिवशिवतात, पण ते दुरुस्त करायचं नाही. कारकुनाने लिहिलं तेच उतरवायचं. याउलट जुन्या वळणात जोड 'एस'मधला पहिला 'एस' लांब काढत, तो हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो. 'रॉस' आडनाव तिथे 'रॉफ्स' वाटतं. तिथे मात्र 'एस'च भरायचा, कारण कारकुनाने 'एस'च लिहिलाय, फक्त त्याच्या वळणाने. एवढा फरक कळला की निम्मं काम आलं समजा. बाकी सरावाने जमतं.

यातून स्वतःचं घराणं सापडेल या आशेवर मात्र राहू नका. आपल्याकडच्या माणसांचा माग लागतो तो तहसील कार्यालयातल्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, आणि जुन्या फेरफारांत. तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेतच. नाशिक-त्र्यंबकला गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात. यातलं जुनं बरंचसं मोडीत आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली ते तुम्ही वाचलं असेलच.

कधी मोडी शिकायला घेतलीत, तर आधी आकडे घ्या. ते बाळबोध आकड्यांच्या बरेच जवळचे आहेत. शब्द सलग लिहिलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे मजकूर सुरुवातीला अंगावर येतो. पण साल लागलं की कागद कोणत्या पिढीचा ते तरी कळतं. शकात ७८ मिळवा, फसली या जुन्या महसुली सनात ५९०. साधारण इसवी सन मिळेल, एखाद्या वर्षाचा फरक धरून चाला.