मोठा भूकंप झाला की त्सुनामी येतेच का? दोन्ही नेमकं कशामुळे होतं?

येतेच असं काही नाही. हे एक वाक्य मी माझ्या भाऊजींना इतकी वर्षं सांगतोय की तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलंच नाही.

११ एप्रिल २०१२. सुमात्राजवळ समुद्राखाली ८.६चा भूकंप, टीव्हीवर हिंदी महासागरात त्सुनामीचा इशारा, आणि भाऊजी "२००४ परत आलं!" म्हणून घर डोक्यावर घेतायत. मी नेटवर बघितलं तर जमीन आडवी सरकलेली. म्हटलं, भाऊजी, मोठी लाट येणार नाही. ते भडकले, "८.६ म्हणजे काय गंमत वाटली का तुला?" मग मी कपडे भिजवायचा टब ओढला, तळाशी पालथा पंजा ठेवला आणि आडवा सरकवला, पाणी जरा हललं बस. मग तोच पंजा खालून झटक्यात वर उचलला तर भाऊजींचा पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. २००४ला हेच झालं होतं, एक प्लेट (पृथ्वीच्या कवचाचा अवाढव्य तुकडा) दुसरीखाली घुसताना वरचीची कड अडकून दबत गेली, शेकडो वर्षांचा ताण साठला आणि ती उसळली तेव्हा तळासकट वरचं सगळं पाणी उचललं गेलं. खोल समुद्रात ती लाट जेमतेम मीटरभर, पण वेग विमानाचा, किनाऱ्याशी वेग मंदावतो आणि मग ती उंच होते.

त्या दिवशी इशारा मागे घेतला. भाऊजी म्हणाले, तुक्का लागला. अजूनही तेच म्हणतात.

भूकंपाचं कारणही हेच, ताण साठणं आणि सुटणं, बाकी ज्वालामुखीमुळेही होतात पण मोठे बहुतेक प्लेटांचेच. रिश्टर आकड्यावरून लाटेचा अंदाज बांधणारे लोक मला अजिबात पटत नाहीत, तळ उभा हलला की आडवा ते आधी विचारा, आणि कोणी तुक्का म्हणालं तर टब दाखवा.

हां, एक राहिलं. त्सुनामीला भूकंपच लागतो असंही नाही, १८८३ला क्राकाटोआ ज्वालामुखीने आणली, १९५८ला अलास्कात लिटुया बेमध्ये अख्खा कडा पाण्यात कोसळला आणि पाणी समोरच्या डोंगरावर ५२४ मीटर चढलं (तो कडा भूकंपानेच सुटला होता म्हणा). आणि २०१८ला इंडोनेशियात पालूला ७.५चा भूकंप, जमीन आडवीच सरकलेली, तरी लाट आली. खाडीत दरडी कोसळल्या हे त्यामागचं एक मोठं कारण. भाऊजींचा लगेच फोन, "काय रे, टब कुठाय?" त्यामुळे किनाऱ्यावर असाल आणि जमीन बराच वेळ हलली तर माझं काही ऐकू नका, आधी उंचावर पळा.