काकूंना विचारा : मोठ्या दिवसाचं बाहेरचं जेवण

लग्नसराई तोंडावर आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. लग्नाचा वाढदिवस, लेकरांचे वाढदिवस, नवी सोयरीक, पहिला पगार, सगळंच आता हॉटेलात साजरं होतंय आणि त्याबरोबरच्या शंकाही वाढल्यात. सिडकोतल्या आमच्या हॉटेलच्या गल्ल्यावर बसून मी वर्षानुवर्षं अशा जेवणांची बुकिंगं घेतली आहेत. त्या भरवशावर उत्तरं देते.

प्रश्न : काकू, आई-बाबांच्या लग्नाला पुढच्या महिन्यात ५० वर्षं पूर्ण होतात. आम्ही परभणीचे. छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या चांगल्या हॉटेलात सगळ्यांना न्यायचं भावंडांनी ठरवलंय. लहानमोठी मिळून वीस माणसं. आई कांदा-लसूण खात नाही, बाबांना शुगर आहे आणि गुडघे दुखतात. हॉटेल कसं निवडू?

उत्तर : आधी एक विचारते. संभाजीनगरला आई-बाबांना जायचंय की तुम्हा भावंडांना? रागावू नका. पण गाडीत चार तास, जेवण आणि परत चार तास, एवढं बाबांच्या गुडघ्यांना झेपेल का, हे त्यांनाच सरळ विचारा. त्यांचा उत्साह असेल तर जेवण दुपारचं ठेवा आणि रात्री तिथंच मुक्काम करा. ते कां-कू करत असतील तर परभणीतच हॉटेल बघा. दिवस त्यांचा आहे.

आता आईच्या ताटाचं. ‘कांदा-लसूण नको’ हे टेबलावर बसल्यावर सांगून भागत नाही. हॉटेलात प्रत्येक भाजी ऑर्डर आल्यावर पहिल्यापासून करत नाहीत. ग्रेव्ह्या आधीच मोठ्या पातेल्यांत तयार असतात : कांदा-टोमॅटोची, मखनी आणि पांढरी. ऑर्डर आली की त्यातली पळी-दोन पळ्या कढईत पडते, वरून पनीर नाहीतर भाजी. पुष्कळांना वाटतं, पांढरी ग्रेव्ही काजूची, तिच्यात कुठला कांदा? असतो. उकडलेला कांदा, काजू आणि मगजबी (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) एकत्र वाटून ती करतात, म्हणून तो डोळ्याला दिसत नाही. वेटर ‘हो, बिनकांद्याची देतो’ म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा वरच्या फोडणीतला कांदा तेवढा वगळला जातो. आई विश्वासानं खाते. तिचा नेम असा मोडू नये.

म्हणून दोन दिवस आधी फोन करा आणि ‘एक ताट जैन’ असं सांगा. जैन म्हटलं की कांदा-लसूण-बटाटा वगळून निराळी ग्रेव्ही करायची, हे आचाऱ्याला पक्कं कळतं. आईला बटाटा चालत असेल तर तेही सांगा, म्हणजे तिला आणखी दोन पदार्थ मिळतील. फोन दुपारी चारच्या सुमारास करा. तेव्हा गर्दी नसते, मॅनेजर नीट ऐकतो आणि लिहून घेतो. जेवणाच्या दिवशी सकाळी पुन्हा आठवण द्या.

बाबांना नान-कुलचा नको, तो मैद्याचा. तंदुरी रोटीतही काही ठिकाणी मैदा मिसळतात, विचारून घ्या. आपल्याकडं थाळी देणाऱ्या पुष्कळ हॉटेलांत ज्वारीची भाकरी मिळते, ती सगळ्यात बरी. पण भाकरीपेक्षा महत्त्वाची आहे वेळ. वीस जणांची ऑर्डर यायला पाऊण तास सहज लागतो. शुगरच्या माणसानं गोळी किंवा इन्शुलिन घेतलं असेल आणि ताट वेळेवर आलं नाही, तर साखर एकदम खाली जाऊ शकते, घाम फुटतो, चक्कर येते. त्यांचं ताट सगळ्यांच्या आधी मागवा. इन्शुलिन घेत असतील तर जेवण समोर येईपर्यंत ते टोचू नका, असं त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवून घ्या.

कुणीतरी एकानं आधी जाऊन हॉटेल डोळ्यांनी बघून यावं. फोटोत पायऱ्या दिसत नाहीत. फॅमिली हॉल वरच्या मजल्यावर आहे का, लिफ्ट चालू आहे का, संडासात कमोड आहे का, एवढं बघा. खोल सोफ्याचं टेबल मुळीच घेऊ नका. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला त्यातून उठता येत नाही, आणि चारचौघांत हाताला धरून उठवलेलं कुठल्याच बापाला आवडत नाही. हाताची खुर्ची मागा, एसीचा झोत अंगावर येणार नाही अशी.

वीस जणांच्या हातात वीस मेनूकार्डं देऊ नका. एका प्लेटमध्ये किती जणांचं होतं ते विचारून भाज्या, रोट्या, भात आणि गोड आधीच ठरवून टाका. आगाऊ रक्कम दिली तर पावती घ्या.

आणि जमलं तर एक करा. आमच्याकडं एकदा अंबडकडचं कुटुंब आजींचा वाढदिवस करायला आलं होतं. नातवानं आदल्या दिवशी घरच्या येसराची, म्हणजे भाजलेली धान्यं-डाळी आणि मसाले दळून केलेल्या पिठाची, डबी आणून दिली आणि म्हणाला, आजीला याची आमटी करून मिळेल का? आचारी आधी बिचकला, मग त्यानं विचारून विचारून केली. सगळ्यांच्या पुढ्यात पनीर होतं. आजींनी आमटीत भाकरी चुरली आणि दोनदा वाटी पुढं केली. मोठ्या हॉटेलांत बाहेरची वस्तू चालत नाही, पण घरगुती मालकाच्या हॉटेलात विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. तुमच्या आईला काय आवडतं ते तुम्हाला ठाऊक असेलच.

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला नांदेडच्या एका हॉटेलात जेवलो. जेवणाचे ८,००० रुपये, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर जीएसटी. मी हरकत घेतली तर मॅनेजर म्हणाला, हा सरकारी कर आहे, द्यावाच लागतो. लेकरांसमोर वाद नको म्हणून दिले. हे खरं आहे का?

उत्तर : साफ खोटं. सर्व्हिस चार्ज सरकारकडं जात नाही, तो हॉटेलकडंच राहतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट सांगितलंय की तो बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावाखालीही वसूल करायचा नाही आणि दिला नाही म्हणून कुणाला आत येण्यापासून अडवायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, पण २८ मार्च २०२५ ला न्यायालयानं त्यांचं म्हणणं फेटाळलं.

तुमचा हिशेब मांडते. ८,००० वर ५ टक्के जीएसटी म्हणजे ४००, एकूण ८,४००. तुमच्याकडून आधी ८०० सर्व्हिस चार्ज धरला आणि जीएसटी ८,८०० वर लावला, म्हणजे ४४०. एकूण ९,२४०. तुमचे ८४० रुपये जास्तीचे गेले. बिल जपून ठेवलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथं प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पुढच्या वेळी हळू आवाजात एवढंच म्हणा : ‘सर्व्हिस चार्ज काढून बिल पुन्हा द्या.’ हा वाद नाही, हक्क आहे, आणि लेकरांनी तो बघितला तर चांगलंच.

जीएसटीचंही सांगून ठेवते, कारण आपल्या गावांत त्यातही गफलत होते. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के. ज्या हॉटेलात राहण्याच्या खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटला १८. लहान हॉटेलं बऱ्याचदा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कर भरायच्या सोप्या योजनेत, असतात. त्यांनी कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून घ्यायचाच नसतो आणि बिलावर तसं छापायचं असतं. तेव्हा बिलावर तसं छापूनही जीएसटी लावलाय, किंवा जीएसटी आकारलाय पण जीएसटी क्रमांकच नाही, असं दिसलं तर थांबा आणि विचारा. चौदा आकडी फूड लायसन्स नंबरही बिलावर असायला हवा.

टीप मात्र जरूर द्या, आणि ज्यानं वाढलं त्याच्या हातात द्या. माझ्याकडची पोरं बिदर, हिंगोलीकडून आलेली असायची, सणावारी घरी न जाता तुमचे सण वाढायची. त्यांचा आणि त्या दहा टक्क्यांचा काही संबंध नसतो.

प्रश्न : पुण्याचे पाहुणे संभाजीनगरला येणार आहेत. त्यांना इथलं खास म्हणून काय खाऊ घालू? मोठ्या हॉटेलांत तर सगळीकडं तेच पंजाबी-चायनीज.

उत्तर : मांसाहारी असतील तर नान-खलिया. मुहम्मद तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा लष्कराबरोबर हे जेवण आलं असं शहरात सांगतात. मसालेदार रस्सा आणि भट्टीतली नान, मोठ्या देगांत शिजणारं जेवण आहे हे. ते एसी हॉलमध्ये शोधू नका, जुन्या शहरात शहागंज, सिटी चौकाच्या बाजूला जा. मटणाचं आहे की म्हशीचं, ते बसण्याआधी विचारा, म्हणजे पाहुण्यांची पंचाईत होणार नाही. शाकाहारी पाहुण्यांना थंडीच्या दिवसांत शहराबाहेर हुरड्याला न्या, तसं त्यांना पुण्यात कुठलंच हॉटेल देणार नाही.

प्रश्न : मुलाची सोयरीक जुळली. उदगीरच्या सोयऱ्यांना लातूरला हॉटेलात जेवायला बोलवायचंय. ते माळकरी आहेत, आमच्यात सगळं चालतं. बिल कुणी द्यायचं? मानपानात काही चुकू नये.

उत्तर : बोलावणाऱ्यानं द्यायचं, यात दुसरं मतच नाही. पण बिल टेबलावर आलं की व्याही खिशात हात घालणार, तुम्ही त्यांचा हात धरणार आणि तो दोघांनाही अवघड प्रसंग होणार. जेवणाआधी गल्ल्यावर अंदाजे रक्कम भरून ठेवा आणि बिल टेबलावर आणू नका असं कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, बजावून सांगा.

माळकरी माणसांना शुद्ध शाकाहारी हॉटेलातच न्या. ‘आपण व्हेजच मागवू’ म्हणून मिश्र हॉटेलात बसवू नका. शेजारच्या टेबलावर मटण आलं तर ते बोलणार नाहीत, पण घास घशाखाली उतरणार नाही. एकादशी कधी आहे ते पंचांगात बघूनच तारीख धरा. तुमच्या घरच्या मंडळींना एक दिवस मटणावाचून काही होत नाही.

बसवताना वडीलधाऱ्यांना आधी बसवा आणि व्याही-विहिणींच्या शेजारी त्यांच्या वयाचंच माणूस ठेवा. होणाऱ्या सुनेला मात्र उठून वाढायला लावू नका. हॉटेलात वाढायला माणसं असतात. घरी बायकांची पंगत मागून बसते, इथं सगळ्या एकत्र बसतात आणि गरम खातात, यासाठीच तर मला असली जेवणं आवडतात. नव्या मुलीला तुमच्या घराची पहिली ओळख तशीच होऊ द्या.

प्रश्न : वाढदिवसाचा केक बाहेरून नेला तर चालतो का?

उत्तर : फोनवर विचारा, काही ठिकाणी वेगळे पैसे घेतात. ठिणग्या उडणारी मेणबत्ती आणि फेसाचा स्प्रे मात्र दोन्ही नेऊ नका. तो फेस पेट घेतो. मेणबत्तीजवळ उडवल्यानं लेकरांचे चेहरे भाजलेत.

प्रश्न : मी जालना जिल्ह्यातली, वाळूजला कंपनीत लागले. पहिल्या पगारात आईला चांगल्या हॉटेलात जेवू घालायचंय. आईनं आयुष्यभर शेतात काम केलं, हॉटेलात चहापलीकडं काही घेतलेलं नाही. भाव बघून ती ‘मला भूक नाही’ म्हणेल, याचीच भीती वाटते.

उत्तर : म्हणेलच. म्हणून मेनूकार्ड तिच्या हातात जाऊच देऊ नकोस. आदल्या दिवशी जाऊन किंवा मोबाइलवर बघून काय मागवायचं ते ठरव, खर्चाचा अंदाज बांध आणि बसल्याबसल्या ऑर्डर दे. तिला फक्त ‘तिखट चालेल का, गोड काय हवं’ एवढंच विचार. भाव विचारलाच तर खरं सांग आणि सांग की हे मी कमावलेले आहेत. खोटा आकडा सांगू नकोस, शेजारच्या टेबलावरून तो कळतोच.

बुफेला नेऊ नकोस. हातात ताट घेऊन अनोळखी भांड्यांपुढं उभं राहणं तिला अवघड जाईल. टेबलावर तिच्या समोर नको, शेजारी बस, म्हणजे तू कसं खातेस ते तिला सहज दिसेल आणि कुणी आपल्याकडं बघतंय असंही वाटणार नाही. हातानं खायचं, तूही हातानंच खा. शेवटी वाटीत कोमट पाणी आणि लिंबाची फोड येईल. ती वाटी वेटरनं ठेवताच तू आधी त्यात बोटं बुडव.

एक भाजी, एक डाळ, रोट्या, थोडा भात आणि गोड, दोघींना पुष्कळ होतं. उरलं तर बांधून द्यायला सांग, त्यात कमीपणा नाही. तिनं पिकवलेलं अन्न ती टाकू देणारच नाही. जेवण दुपारचं ठेव. रविवारी एकनंतर टेबलासाठी थांबावं लागतं, तेव्हा बाराच्या सुमारास पोच, आणि तिच्या परतीच्या एसटीची वेळ आधीच विचारून घे.