विरजण कुणाकडं मागायचं?

“हे म्हणतात, आता डोंगरावर जाऊन राहायचं. इथलं घर विकायचं. महिनाभर मला झोप नाही. मी हट्टी आहे का हो?”

लातूरला माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका काकूंचं हे पहिलं वाक्य. शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसलेले. कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून वर्षभरापूर्वी निवृत्त झालेले सर. त्यांच्या मांडीवर एक प्लास्टिकची फाइल होती. तीत महाबळेश्वरच्या बाजूला, दरीच्या तोंडावर होणाऱ्या बंगल्यांच्या स्कीमचं रंगीत पत्रक. (दोघांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. कधी म्हैसमाळच्या वाटेवरचा प्लॉट असतो, कधी पाचगणी, कधी भंडारदरा. बहुतेक वेळा स्वप्न एकाचं असतं आणि धास्ती दुसऱ्याची. मराठवाड्यातल्या माणसाला थंड, हिरव्या जागेची ओढ का वाटते, हे मला कुणी समजावून सांगायला नको. मे महिन्यात पत्रा तापावा तशी तापलेली गच्ची आणि दारात टँकरची वाट बघणं आपण सगळ्यांनी काढलंय. म्हणून सरांच्या इच्छेला मी म्हातारचळ म्हटलं नाही, कुणी म्हणूही नये.

सर म्हणाले, “२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, आठवतं? जलदूत. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते कृष्णेचं पाणी. आमच्या गल्लीत टँकर आला तेव्हा मी घागर घेऊन रांगेत होतो. पुढं माझेच विद्यार्थी, मागं माझेच विद्यार्थी. त्या दिवशी ठरवलं, रिटायर झालो की कृष्णा जिथं उगम पावते तिथंच जाऊन राहायचं.”

हे सांगताना त्यांचा आवाज बसला. काकू पदराशी चाळा करत होत्या. नऊ वर्षांत ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच ऐकली, असं त्या नंतर म्हणाल्या. घरात बोलणं व्हायचं ते प्लॉट, हप्ता आणि “तुला काही हौसच नाही” एवढंच.

अशा वेळी मी घराबद्दल विचारत नाही. एक साधा मंगळवार सांगा, म्हणते. तिथला, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. सुट्टीचा दिवस नको, पाहुणे आलेला नको, साधा मंगळवार.

सरांनी सुरेख सांगितलं. पहाटेचं धुकं, व्हरांड्यात चहा, वाचन, मग दरीच्या कडेनं फेरी. अकरा वाजले आणि ते थांबले. बराच वेळ गेला. “मग जेवण,” म्हणाले. जेवणानंतर पुन्हा थांबले. तीस वर्षं ज्यांचा दिवस तासाच्या घंटेवर चालला, त्यांना अकरानंतरचा दिवस दिसत नव्हता. मी ते बोलून दाखवलं नाही. त्यांना ते कळलं होतं.

काकूंना विचारलं तर म्हणाल्या, “दूध कोण आणणार? रस्ता चढाचा आहे, माझे गुडघे गेलेत. यांना बीपी, शुगर. रात्री दोनला छातीत दुखलं तर?”

हा प्रश्न रडका नाही, नेमका आहे. मेंदूत गुठळी होऊन पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हृदयविकारात तर मिनिटं मोजायची असतात. १०८ ची गाडी येते, पण धो धो पावसात घाट उतरून मोठ्या हृदयरुग्णालयापर्यंत पोचायला किती वेळ लागेल, ते फाइलमधलं पत्रक सांगत नाही. बाकी १३००-१४०० मीटर उंचीवर धडधाकट माणसाला प्राणवायूचा त्रास सहसा होत नाही. तिथं सतावतो तो दमटपणा, विशेषतः दमेकऱ्यांना.

तिसऱ्या भेटीला मी काकूंना एकट्यांना बोलावलं. गुडघे आणि दूध यांच्या पलीकडं काहीतरी आहे, असं मला सारखं वाटत होतं. डोंगर खचल्याच्या बातम्यांची त्यांना धास्ती होती. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातलं तळिये गाडलं गेलं, ते टीव्हीवर त्यांनी रात्रभर पाहिलं होतं. मी विचारलं, “जमीन हलण्याची भीती कधीपासून?” त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझं माहेर किल्लारीच्या बाजूचं.”

३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी. गणपती विसर्जन करून लोक उशिरा निजलेले. दगडमातीच्या जाड भिंतींची घरं. काकूंचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, त्या लातूरला सासरी होत्या. वडील आणि धाकटा भाऊ गेले. आई वाचली.

मला वाटलं, त्या रात्रीबद्दल बोलतील. पण त्या बोलल्या नंतरच्या वर्षांबद्दल. पत्र्याच्या शेडमधले दिवस सरले आणि आईला नव्या गावात पक्कं घर मिळालं. भूकंपात सगळ्यात जास्त पडलेली ५२ गावं दुसरीकडं वसवली गेली. घरं जमिनीच्या हिशेबानं दिलेली, २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची, सरळ रेषेत, मधून रुंद रस्ते. ज्यांची जमीन सारखी, त्यांची घरं जवळजवळ आली. जुनी गल्ली मात्र चारीकडं पांगली.

“आईची शेजारीण होती, मथामावशी म्हणायचो आम्ही. आधी भिंतीला भिंत. भिंतीवरून हात केला की विरजण मिळायचं. नव्या गावात ती पार दुसऱ्या टोकाला गेली. आईचं दही बिघडलं की ती वाटी घेऊन निघायची, उन्हात, पदर वाटीवर धरून. चालत परत येईस्तोवर कधी कधी दूध पार निवून जायचं, मग पुन्हा कोमट करायचं. मी म्हणायची, आई, शेजारणीकडून घे की. तर म्हणायची, तिची माझी वळख कुठंय? चांगलं घर होतं हो. नळ होता, स्लॅब होता. पण आई दिवसभर उंबऱ्यावर रस्त्याकडं तोंड करून बसलेली असायची. तिथं गल्लीच नव्हती, रस्ता होता.”

थोडं थांबून त्या म्हणाल्या, “आता सांगा, तिथं मी विरजण कुणाकडं मागायचं?”

माझ्यापाशी याला उत्तर नव्हतं, आणि तेव्हा मी ते दिलंही नाही. पुढच्या भेटीत त्यांनी हेच सरांना सांगितलं, वाटीसकट. सर फाइल बंद करून बसले. आपल्या बायकोचं माहेर एकदा विस्थापनातून गेलं आहे, हे त्यांना माहीत होतं. पण तिच्या “नको” मध्ये ते आहे, हे त्यांनी कधी जोडलं नव्हतं. ती फक्त नातवंडांना चिकटून आहे, असं त्यांना वाटायचं.

इथून पुढं बोलणं सोपं झालं, कारण दोघं एकाच बाजूला बसले. मी त्यांना स्पष्टच सांगितलं, आणि माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांनाच सांगते: पहिली दोन वर्षं राहतं घर विकायचं नाही, आणि जी जागा घ्यायची तिच्या सगळ्यात वाईट महिन्यात भाड्यानं राहून यायचं. डोंगर आपण मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत बघतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. आपल्याकडं सरासरी सातशेच्या आसपास. त्या पावसात राहणं म्हणजे काय, हे लातूरच्या माणसाला पत्रकावरून कळत नाही. आणि एवढं पडलेलं पाणी उतारानं वाहूनही जातं, डोंगरावरच्या कित्येक वाड्यांना एप्रिल-मे मध्ये टंचाई भोगावी लागते. सरांना याचा धक्का बसला. कृष्णेच्या उगमाशेजारीही हंडा भरावा लागू शकतो, हे त्यांच्या मनातच नव्हतं.

पाचगणी महाबळेश्वरपासून जेमतेम वीस किलोमीटर, पण पाऊस निम्म्याहूनही कमी. जॉन चेसन या इंग्रजानं एकोणिसाव्या शतकात पाचगणी वसवली तीच मुळी यासाठी. पावसाळ्यात महाबळेश्वर राहण्याजोगं नसे, म्हणून बारमाही राहता येईल अशी जागा हवी होती. निवृत्त इंग्रजांनी तिथं घरं केली. ही माहिती सरांनीच शोधून आणली, वर्गात प्रमेय सिद्ध करावं तशा उत्साहानं. एक गोष्ट मी वकिलाकडं पाठवली. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही, आणि महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथं बांधकामावर बंधनं आहेत. सातबारा आणि एनएचे (बिगरशेती परवानगीचे) कागद वकिलानं बघितल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही, एवढं त्यांनी पाळलं. वकिलानं कागद मागितल्यावर स्कीमवाल्यांचे फोन कमी झाले.

आणखी एक प्रश्न मी अशा जोडप्यांना विचारतेच. विचारताना मलाही जड जातं. “दोघांपैकी एकजण मागं राहिला, तर तो कुठं राहील?” काकू तत्काळ म्हणाल्या, “मी लातूरला येईन.” सर खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचं उत्तर त्या दिवशी आलं नाही.

जुलैत ते पाचगणीत महिनाभर भाड्यानं राहिले. दरीकाठी नाही, बाजाराजवळ, सपाटीवर, डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर. काकू फोनवर सांगायच्या: मीठ पाझरतंय, कपडे वाळत नाहीत, इस्त्रीनं वाळवते, यांच्या चपलेला बुरशी आली. लाइट गेली की गुडघे ठणकतात असं वाटतं. अकराव्या दिवशी सरांचा फोन आला. चार-पाच वाक्यांत त्यांनी धुक्याचं कौतुक संपवलं आणि म्हणाले, “मॅडम, काल बाराला जेवलो, सव्वाबाराला घड्याळ बघितलं.” शेवटच्या आठवड्यात घरमालकिणीचा मुलगा दहावीचं पुस्तक घेऊन वर आला. दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत आणखी दोन मुलं आली.

पुढच्या वर्षी एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्यांनी तेच घर पुन्हा घेतलं. विकत नाही, भाड्यानं. पाऊस लागला की लातूर. घर विकायचा विषय निघाला नाही. सरांचं स्वप्न अर्धंच पुरं झालं, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. पण काकूंच्या मनातली भीती गेली, असंही मी म्हणणार नाही. मुसळधार पावसाची बातमी लागली की त्या अजून टीव्ही बंद करत नाहीत.

गेल्या मे मध्ये काकूंचा फोन आला. घरमालकिणीचं दही लागत नव्हतं म्हणे. “लातूरहून विरजण नेलं होतं मी, डब्यात घालून, एसटीत मांडीवर धरून. तिला दिलं.” मग दुसरंच काहीतरी बोलत राहिल्या. फोन ठेवता ठेवता सर मागून म्हणाले, “मॅडम, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. मी मागं राहिलो, तर मीसुद्धा लातूरलाच.”