नंबर नेटवर उघडा दिसतोय, मग धंद्यासाठी वापरायला काय हरकत?

प्रश्न : मी छोट्या फर्म्सना अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर विकतो. वेबसाईटवर, सोशल मीडियावर लोकांनीच नंबर, ईमेल टाकलेले असतात. ते गोळा करून लिस्ट बनवली आणि मेसेज पाठवले तर कायद्यात बसतं का? मित्र म्हणतो पब्लिक आहे, बिनधास्त वापर. – एक वाचक

उत्तर : बिनधास्त तर अजिबात नको. आधी बघा ती माहिती टाकली कोणी. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सूट आहे, पण ती ज्याची माहिती त्याने स्वतः जाहीर केली असेल किंवा कायद्यानेच जाहीर करणं भाग असेल तेवढ्यापुरती, म्हणजे कोणी ग्रुपमधले नंबर उचलून एक्सेल फाईल नेटवर टाकली असेल तर ती सूट तुम्हाला मिळत नाही, अशी फाईल विकणारा कितीही पब्लिक डेटा पब्लिक डेटा म्हणू दे.

युरोपात तर अशी सरसकट सूटच नाही. तिथे २०१८ पासून जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा लागू आहे, माहिती दुसरीकडून उचलली तर सहसा महिन्याभरात त्या माणसाला कळवायचं, कुठून घेतली तेही सांगायचं, आणि तो मार्केटिंग नको म्हणाला की थांबायचं, कारण विचारत बसायचं नाही. पोलंडमध्ये एका कंपनीने सरकारी रजिस्टरमधून व्यावसायिकांची माहिती घेतली होती, त्यातल्या साधारण ९० हजार जणांना ईमेलने कळवलं तर १२ हजारांहून जास्त लोकांनी हरकत घेतली! माहिती उघडीच होती, तरीही. न कळवता वापरणं मला म्हणूनच चुकीचं वाटतं, माणसाला नाही म्हणायची संधीच मिळत नाही.

आता तुमचं. फर्मच्या पेजवर चौकशीसाठी म्हणून दिलेला नंबर असेल तर कामाचं एकदा विचारणं समजू शकतं, पण त्याच माणसाने हरवलेल्या मांजराच्या पोस्टमध्ये टाकलेला नंबर तुमच्यासाठी नाहीच, तो मांजर सापडलं तर कळवायला आहे. प्रमोशनल मेसेज आणि कॉलचे नियम वेगळे असतात, ते डेटा कायद्यातून सुटलात तरी लागतातच, शिवाय साईटच्या अटींमध्ये स्क्रेपिंगला, म्हणजे प्रोग्राम लावून साईटवरची माहिती गोळा करायला, मनाई आहे का तेही वाचा.

लिस्टमध्ये प्रत्येक नावापुढे कुठून आणि कधी घेतलं हे लिहून ठेवा. आणि कोणी नको म्हणालं तर नंबर नुसता डिलीट करू नका, तेवढाच वेगळ्या 'नको' यादीत ठेवा आणि प्रत्येक वेळी पाठवण्याआधी ती तपासा, नाहीतर पुढच्या वेळी डेटा गोळा करताना तोच नंबर परत येतो आणि त्या माणसाला परत मेसेज जातो.