गच्चीवरचं सोनं आणि मुलाचा खोकला

प्रश्न: मुलगा बारावी सायन्सला आहे, अकरावीला 64 टक्के होते. गेल्या वर्षी त्याने गच्चीवर जुन्या कॉम्प्युटरच्या रॅममधून (मेमरीच्या पट्टीतून) ॲसिड वापरून मोहरीएवढा सोन्याचा मणी काढून दाखवला. आमच्या घरात गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा, वारसा आहे, काकांचं कोइमतूरला दुकान आहे. म्हणून मी दोन पोती भंगार आणून दिलं आणि आठवड्याला एक ग्रॅम असं ठरवून दिलं. आता तो टाळाटाळ करतो, वहीत आकडे लिहीत बसतो. रात्री खोकतो, पण धंद्यात तेवढं चालायचंच. चार वर्षं डिग्रीत घालवावीत की आताच धंद्यात उतरवावं?
– एक पालक, विटा

उत्तर: नमस्कार. डिग्रीचं नंतर बोलू. आधी मुलाला डॉक्टरांकडे न्या, आणि आजच न्या.

सोनं सोडवताना रॅममधल्या तांब्यावर नायट्रिक ॲसिड पडलं की तांबूस-तपकिरी धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. हा वायू फार दगाबाज आहे. नाकात गेला की घसा जरा चुरचुरतो, माणूस घोटभर पाणी पिऊन पुन्हा कामाला लागतो. आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी साठायला लागतं. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा औषधाच्या दुकानातला मास्क त्याला अडवत नाही. डॉक्टरांना नुसतं ‘खोकला आहे’ म्हणू नका. कोणत्या ॲसिडचा धूर, किती महिने, आठवड्यातून किती वेळा, हे सगळं सांगा; नाहीतर साध्या खोकल्याचं औषध मिळेल आणि कारण तसंच राहील. गच्चीवरचं काम आजपासून बंद. उरलेलं ॲसिड मोरीत ओतू नका आणि बरणीचं झाकणही गच्च लावू नका, आत वायू साठून ती फुटू शकते. कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांना गाठा आणि त्यांच्या सल्ल्यानेच ते निकामी करा.

आता तुमच्याशी थोडं कडक बोलतो, राग मानू नका. पोराने हौसेने एक मणी काढला. तो हातात घेताना तुम्हाला अभिमान वाटला असणार, मलाही वाटला असता. पण दुसऱ्याच पावलाला तुम्ही त्याच्या हौसेला आठवड्याचा हिशेब लावलात. जे काम तो स्वतःहून उठून करत होता, ते आता वडिलांचं देणं झालं. बारावीचं वर्ष, वर हा एक ग्रॅम, आणि छाती भरून येत असताना घरात ‘चालायचंच’ हे उत्तर. त्याने तोंडावर ‘नाही’ म्हटलं नाही, म्हणून तुम्ही त्याला टाळाटाळ म्हणताय. मला ती मदतीची हाक वाटते. 64 टक्क्यांची मला काळजी नाही. खोकणाऱ्या मुलाला वडिलांकडे ‘मला त्रास होतोय’ असं म्हणता येत नाही, याची आहे.

तुमच्या मनातला एक गैरसमजही काढायला हवा: ‘आमची गलाई आणि हे एकच.’ एक नाही. तुमच्या सांगलीकडच्या खानापूर-आटपाडीच्या माणसांनी देशभरातल्या सराफकट्ट्यांवर जे नाव कमावलंय, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण काकांच्या मुशीत 22 कॅरटचा दागिना पडतो तेव्हा शंभरातले जवळपास 92 भाग सोनंच असतं. रॅमच्या पट्टीवरचे ते सोनेरी दात म्हणजे तांबं, त्यावर निकेल आणि वरून सोन्याचा मुलामा, जाडी एक मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) कमी. चांगल्या पट्टीचा हिशेब मी मांडून बघितला: 240 दात, एकेक साधारण दोन चौरस मिलिमीटरचा, मुलामा पाऊण मायक्रॉन. सगळं मिळून सोनं भरतं सात मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅमला दीडशेच्या आसपास पट्ट्या, तेही कणभर वाया न जाता. दर आठवड्याला! ॲसिड खर्च होतं ते सोन्यावर नाही, तांब्यावर; 64 ग्रॅम तांबं तीव्र नायट्रिकमध्ये विरघळलं की 92 ग्रॅम तो तपकिरी वायू बाहेर पडतो. तोच तुमच्या मुलाच्या छातीत जातोय. टोकियो ऑलिंपिकची पदकं जुन्या उपकरणांतून केली, तेव्हा जवळपास 79 हजार टन माल गोळा करून 32 किलो सोनं निघालं होतं. हे काम कारखान्याचं आहे. शिवाय ई-कचरा नियम 2022 नुसार पुनर्चक्रणाचा व्यवसाय करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. गच्चीवर तो धंदा उभा राहत नाही.

आता त्या वहीबद्दल. ‘आकडे लिहीत बसतो’ हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, मला मात्र तुमच्या पत्रातली तीच सर्वांत मोलाची ओळ वाटली. आधीचं वजन, नंतरचं वजन, किती ॲसिड लागलं, किती वेळ गेला, असं काही त्यात असेल तर मुलाचा कल धंद्याकडे नसून धातुशास्त्राकडे आहे. ती वही मागून घ्या आणि त्याच्या शेजारी बसून पानं उलटा. बोलू नका, त्याला समजावून सांगू द्या.

वाट सरळ आहे: राज्याच्या एमएचटी-सीईटी प्रवेश परीक्षेतून पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत धातुशास्त्र, देशपातळीवरच्या जेईई मेनमधून नागपूरची व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था, नाहीतर बीएस्सी केमिस्ट्री करून पुढे एमएस्सी. कॉम्प्युटर शाखेइतकी रेटारेटी धातुशास्त्राला नसते, त्यामुळे 64 टक्क्यांवाल्याने आजपासून नेटाने अभ्यास केला तर दार बंद नाही. जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ ई-कचऱ्यातून धातू काढण्यावरच संशोधन करतात. तुमच्या मुलाने गच्चीवर जे केलं तेच, फक्त धूर ओढून घेणाऱ्या यंत्रणेखाली आणि नीट शिकून. धंदा करायचा असेल तर त्यानंतर खुशाल करू द्या. तेव्हा काकांचा अनुभवही त्याच्या उपयोगी पडेल.

उरलेलं पोतं नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राला देऊन टाका, आणि आठवड्याचा एक ग्रॅम रद्द झाला हे मुलाला तुमच्याच तोंडून सांगा. डॉक्टर काय म्हणाले ते मला नक्की कळवा. वाट बघतोय.