नऊ दिवसांचं शूटिंग आणि न सांगितलेला आजार

प्रश्न: वय ६१. आयुष्यभर नागपुरात नाटकं केली, सिनेमात मुख्य भूमिका पहिल्यांदाच मिळाली. रामटेकचं नऊ दिवसांचं शूटिंग बाकी आहे. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, चौथी स्टेज. दर २१ दिवसांनी केमो आहे. भूमिका जाईल म्हणून दिग्दर्शकाला सांगितलं नाही. बायको म्हणते, आता घरी राहा. काय करू?

भाऊ, दिग्दर्शकाला आजच सांगा. भूमिका जाऊही शकते, हे खरं आहे. पण लपवलंत तर नेहमीसारखं आधी मास्टर (म्हणजे सगळा सीन एकत्र दाखवणारा शॉट), मग समोरच्याचे क्लोजअप लागतील आणि तुमची पाळी येईपर्यंत तुमचा दम संपलेला असेल. शिवाय लपवलेल्या आजारावर निर्मात्याचा विमा अडू शकतो.

त्यांना माहीत असलं तर क्रम फिरवता येतो. आधी तुमचे क्लोजअप. पाठमोरे शॉट आणि गडाच्या पायऱ्यांवरचे लाँग शॉट तुमच्या बांध्याचा डमी देईल. ‘पाकीजा’त आजारी मीनाकुमारींच्या जागी नाचायला पद्मा खन्ना होत्या. ‘इल पोस्तिनो’ या इटालियन सिनेमात हृदयाच्या आजाराने थकलेले नायक मास्सिमो त्रोइसी यांनाही डबल दिला होता, शूटिंग संपलं आणि दिवस उलटायच्या आत, ४ जून १९९४ला, ते गेले.

चेहरा मात्र उसना मिळत नाही, आणि आवाजही नाही. या आजारात आवाजच आधी दगा देऊ शकतो, म्हणून डबिंगच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक सीन ओके झाला की पंखे, जनरेटर बंद करायला लावून त्याच जागी सगळे संवाद दोनदा म्हणा आणि वाइल्ड ट्रॅक, म्हणजे कॅमेऱ्याशिवाय नुसत्या आवाजाचं रेकॉर्डिंग, घ्यायला लावा. पाच-दहा मिनिटं लागतात. लांब वाक्यं लेखकाकडून तोडून घ्या. श्वास कुठे घ्यायचा ते स्क्रिप्टवर पेन्सिलीने मांडा. पुढे यंत्राने तुमचा आवाज बनवायचा की नाही, तेही करारात लिहून द्या.

आता तारखा. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. तेव्हा सेटवरची गर्दी आणि धूळ नकोच. धुराचं मशीन तर कधीच नको. तिसऱ्या आठवड्यात जरा बरं वाटतं. म्हणून नऊ दिवस सलग लावू नका: केमोच्या या २१ दिवसांच्या सायकलमध्ये पाच, पुढच्या सायकलमध्ये चार, रोज पाच-सहा तास. आधी रक्त तपासा आणि तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांचा होकार घ्या. ते नाही म्हणाले तर नाही. ताप १००.४ फॅरेनहाइटला पोचला, तर गोळी घेऊन शॉट द्यायचा नाही, तडक नागपूरला दवाखान्यात. त्यासाठी एक गाडी ड्रायव्हरसकट सेटवर उभी असू द्या.

वहिनींचं चुकत नाही. दोन सायकलचे ४२ दिवस. त्यातले नऊ सिनेमाचे, उरलेले ३३ तुमचे दोघांचे. कॅलेंडर त्यांच्यासमोर बसून भरा, आणि आधी घरचे दिवस भरा. ज्या दिवशी तुमचा एकच सीन असेल, त्या दिवशी त्यांनाही रामटेकला घेऊन जा.