लातूरच्या उन्हाळ्यात घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मऊ प्रवाळ टिकतील का? नवशिक्याने कोणते घ्यावेत?

तुमची 150 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी चार महिन्यांपासून चालू आहे, दोन क्लाउनफिश तिच्यात सुखरूप आहेत आणि आता मऊ प्रवाळ ठेवण्याचा विचार आहे, असे तुम्ही लिहिले आहे. प्रवाळ टिकतात. मी छत्रपती संभाजीनगरात राहतो आणि घरी तेच ठेवतो. या प्रवाळांचे स्वतःचे चोचले फारसे नसतात; मराठवाड्यात खरी अडचण असते ती उष्णतेची आणि पाण्याची. या दोन्हींची सोय लागेपर्यंत खरेदीची घाई करू नये.

आधी उष्णतेचे पाहू. टाकीचे पाणी 24 ते 27 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. ते बरेच दिवस 30 च्या वर राहिले, तर प्रवाळाच्या पेशींत राहून प्रकाशावर अन्न तयार करणारी आणि त्यातला मोठा वाटा त्याला देणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकली जातात व प्रवाळ पांढरा पडू लागतो. चिलर, म्हणजे टाकीचे पाणी थंड करणारे यंत्र, हा खात्रीचा उपाय आहे, पण तो महाग असतो आणि पाण्यातली उष्णता त्याच खोलीत सोडतो. आपली हवा कोरडी असल्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावलेला छोटा पंखादेखील तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतो. मे महिन्यात मात्र एवढ्याने भागेलच असे नाही, म्हणून टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावी. त्याच खोलीत दारे-खिडक्या बंद करून कूलर लावला, तर हवेतला दमटपणा वाढतो आणि टाकीवरच्या पंख्याचा उपयोग कमी होतो, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

पंख्याने पाणी उडते, मीठ मात्र टाकीतच राहते. 150 लिटरमधले चार लिटर पाणी उडाले की दर हजारी 35 असलेली क्षारता जवळजवळ 36 होते, आणि उन्हाळ्यात ही भरपाई एका दिवसासाठीसुद्धा पुढे ढकलू नये. काचेवर पातळीची खूण करून रोज तिथपर्यंत मिठाविना शुद्ध पाणी भरावे. खारे पाणी भरले तर क्षारता वाढतच जाते.

शुद्ध पाणी म्हणजे बोअरचे नव्हे आणि स्वयंपाकघरातल्या आरओचेही नव्हे. बोअरचे पाणी जड असते आणि शेतीपट्ट्यात त्यात नायट्रेटही सापडते. घरगुती आरओ यंत्रांत चवीसाठी काही क्षार मुद्दाम राखलेले किंवा मिसळलेले असतात. आरओनंतर उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा जोडून टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणावर, शून्य आकडा आला पाहिजे. आरओ जे पाणी बाहेर टाकते ते पिंपात साठवून फरशी पुसायला वापरावे. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या शहराला याहून अधिक सांगण्याची गरज नाही. आठवड्याला 15 लिटर पाणी बदलायचे तर साधारण अर्धा किलो सागरी मीठ लागते. ते वेगळ्या बादलीत पूर्ण विरघळवून, रिफ्रॅक्टोमीटर या क्षारता मोजणाऱ्या उपकरणावर 1.025 विशिष्ट गुरुत्व पाहून मगच टाकीत घालावे. मऊ प्रवाळ कठीण सांगाडा बांधत नाहीत, त्यामुळे कॅल्शियमच्या बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही. चांगले मीठ आणि नियमित पाणीबदल एवढ्यात ती गरज भागते. नायट्रेट शून्यावर आणण्याचा अट्टहासही करू नये, कारण 5 ते 10 पीपीएम (दहा लाख भागांत 5 ते 10 भाग) त्यांना मानवते.

सुरुवात मशरूम प्रवाळाने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शास्त्रीय वर्गीकरणात तो मऊ प्रवाळांपासून वेगळा गणला जातो, पण देखभाल तशीच आहे. त्याला मंद प्रकाश आणि संथ प्रवाह पुरतो, म्हणून तो टाकीच्या तळाशी ठेवावा. तो रुजला की मग छत्रीच्या आकाराचा लेदर प्रवाळ घ्यावा. त्याला मध्यम प्रकाश लागतो आणि प्रवाह थोडा जोरात, पण बदलत्या दिशेने असावा. केनिया ट्री हा झाडासारखा दिसणारा मऊ प्रवाळ आपल्या फांद्या गाळून स्वतःच वाढत राहतो. तो आवडला तरच घ्यावा, कारण नंतर तो आवरणे कठीण जाते.

लेदर प्रवाळामुळे नवशिके हमखास घाबरतात. एखाद्या सकाळी त्याचे सगळे पॉलिप (पृष्ठभागावरची फुलांसारखी छोटी तोंडे) आत ओढलेले दिसतात, छत्री आकसते, पृष्ठभागावर मेणासारखी चकाकी येते आणि ही अवस्था काही दिवस, कधी आठवड्याहून अधिक टिकते. तो मेलेला नसतो. वरचा थर टाकत असतो. वेव्हमेकरचा, म्हणजे टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाचा, झोत किंचित त्याच्याकडे वळवला की ती पातळ साल पापुद्र्यासारखी सुटते आणि खालून पुन्हा पॉलिप फुलतात. या काळात त्याला हलवू नये. मात्र देठ मऊ पडून कुजकट वास येऊ लागला, तर तो तत्काळ बाहेर काढावा.

लेदर जातीचे प्रवाळ शेजाऱ्यांची वाढ रोखणारी रसायनेही पाण्यात सोडतात. त्यामुळे फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा ठेवून तो दर महिन्याला बदलावा. माशांना पांढरे ठिपके आल्यास तांबेयुक्त औषध या टाकीत कधीही घालू नये. मासे वेगळ्या टाकीत नेऊन उपचार करावेत. झोअँथिड हे प्रवाळांसारखेच खडकावर वाढणारे जीव दिसायला फार सुंदर असतात, पण त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. ते हातमोजे आणि चष्मा लावूनच हाताळावेत आणि त्यांचा खडक उकळत्या पाण्याने कधीही धुऊ नये, कारण त्या वाफेनेही विषबाधा झालेली आहे.

लाईट गेल्यावर दिवे बंद राहिले तरी चालतात, पण वेव्हमेकर इन्व्हर्टरवर असलाच पाहिजे, कारण गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो.

खरेदीच्या वेळी दुकानदाराला जात विचारून पावती घ्यावी. कठीण सांगाड्याचे प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे ‘हाही मऊच आहे’ असे सांगून कोणी ते देऊ केले तर नाकारावे. मालवणला फिरायला गेल्यावर किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडाही टाकीसाठी उचलून आणू नये. खडक कृत्रिम, कोरडा मिळतो, तोच वापरावा.